माप

बुधवारी संचारबंदी दोन तास उठली
आणि माझा फोन वाजायला लागला.
लक्ष्मीपुरीत काचवाले आम्ही चौघं,
उघडं दुकान तेवढं माझं.

पापाची तिकटी ते बिंदू चौक,
हातात पट्टी, कानावर पेन्सिल,
मी चौकटी मोजत चाललो.
अठरा बाय चोवीस. बारा बाय तीस.
सत्तार घड्याळवाल्याचं शोकेस तीन सूत तिरकं.
"ते आधीपासनंच तिरकंय," तो म्हणाला,
"सगळंच दंगलीवर घालू नका."

रस्त्यावर काच अशी पडलेली
जणू खडीसाखरेचं पोतं फुटलंय.
एक पोरगं पायानं सारत होतं,
मी ओरडलो, चप्पल घाल लगा आधी.
रात्री हिशेब मांडला.
एवढा धंदा तीस वर्षांत झाला नव्हता.
वही मिटली, आणि पालथी ठेवली.

गजू भोई त्या संध्याकाळी गेला.
चार वाजता त्याच्याच रिक्षातनं
उद्यमनगरातनं सहा आरसे आणले होते मी.
उतरताना दहा रुपयांवरनं वाजलं आमचं.
मी म्हटलं, आरसे मांडीवर धरून बसलो मी,
तो म्हणाला, आणि खड्डे चुकवले कुणी?
मी दिले नाहीत.
तो फणफणत चौकाकडं गेला.

दिले असते तर
सुट्टे मोजण्यात अर्धं मिनिट गेलं असतं त्याचं?
की भांडण्यात गेलं ते जास्त होतं?
हे गणित मी पट्टी लावून बघितलंय.
बसत नाही.

लोक म्हणतात, हिंदुराव, थोडक्यात वाचलास,
अंबाबाईची कृपा.
मी हात जोडतो.
पण तिच्या दारात पहाटे हाराच्या पाट्या
गजूच न्यायचा की.
आणि शब्बीर जमादार, बँकेचा वॉचमन,
क्लासची पोरं शटरखालनं आत ढकलून
स्वतः बाहेर राहिला,
तो कुणाच्या मोजणीतनं सुटला?
एवढं मोठं माप मला घेता येत नाही.
माझी पट्टी साठ इंची.

तेरावं झाल्यावर गेलो गजूच्या आईकडं,
जुन्या बुधवारात, नदीकडच्या बोळात.
नोट मुठीत भिजलेली.
म्हातारीनं सगळं ऐकून घेतलं,
शेगडी बारीक केली,
मग म्हणाली,
"ठेव तुझ्याजवळ.
त्याचं एवढं तरी येणं
कुणाकडं तरी राहू दे."

काय बोलायचं ते सुचेना,
म्हणून खिडकी बघितली.
पुठ्ठा लावलेला. सहा वर्षांचा, दंगलीचा नव्हे.
गजू म्हणायचा म्हणे, बसवू की, काय घाई.
नऊ बाय अकरा.
भिंत खचलेली, एका कोपऱ्यात अडीच सूत कमी.
दुसऱ्या दिवशी काच घेऊन गेलो,
लांबी अंगठ्यानं दाबत नेली,
फडक्यानं पुसलं.
पलीकडं पंचगंगा.
कुणीतरी म्हशी धूत होतं, एक म्हस ऐकत नव्हती.
म्हातारी बघत राहिली.
"लई दिसतंय की रं," म्हणाली,
आणि पदर डोळ्याला लावला, का काचेला, कळलं नाही.

घरी आलो तर पोरगी बीजगणितावरनं रुसलेली,
रश्शात तिखट हात सुटून पडलेलं.
नाकाडोळ्यातनं पाणी आलं
आणि कुणी विचारलं नाही कशानं.
दोनदा वाढून घेतला.

परवा रात्री गंगावेशीत दूध प्यायला थांबलो.
धारोष्ण, वर चार बोटं फेस.
सत्तारही होता, मिशी पांढरी झालेली.
तो पैसे काढायला लागला, मी त्याचा हात धरला,
त्यानं माझा धरला,
मी देतो, मी देतो, तुझं मागचंच राहिलंय,
चांगलं दहा मिनिटं वाजलं आमचं.
गवळी चरवी मांडीत दाबून बसलेला,
मान वर न करता म्हणाला,
"भांडा सावकाश.
म्हस काय कुठं जात नाही."